बोल्टवरची पिवळी रेघ

तेहतीस वर्षं मी बोल्ट आवळले. वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. डंपरची चाकं, लोडरची बकेट, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे रोलर, जे जे हलतं आणि हलून हलून सैल होतं ते घट्ट ठेवणं हे माझं काम. नोकरी संपली, पण हातांना ते कुणी सांगितलं नाही. घरातला एकही नट मी सुखानं बसू दिला नाही.

वर्कशॉपमध्ये आमची एक पद्धत होती. बोल्ट नीट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची. पुढच्या तपासणीला पाना लावायचं काम नाही, नुसतं पाहायचं. रेघ सरळ तर बोल्ट जागेवर. डोक्यावरची रेघ एकीकडे आणि पत्र्यावरची दुसरीकडे दिसली की समजायचं, हा हलला. माझी रेघ पाहिली की साहेब लोक वाकूनही न बघता सही करायचे. ही फुशारकी आहे, मला माहीत आहे. पण आता ती मारायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून इथं मारतो.

पेंटची एक बारकी डबी आणि काडीला कापूस गुंडाळून केलेला ब्रश मी घरीही ठेवला होता. पंखा, मोटरपंप, सायकल, लोखंडी पलंग, सगळ्यांच्या नटांवर माझ्या रेघा. बायको बोरी अरबची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "माह्या कपाळावर बी मारून ठेवा एक. कुठी हालली तं समजन तुमाले."

"तू कायची हालते? ओट्यावरून तं उठत नाईस," मी म्हणायचो.

ते खरं होतं. आमचं घर चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दुसऱ्या गल्लीत. दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि त्यांची काळी धूळ वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत येते. तिचा दिवस दारापुढचा ओटा पुसण्यानं सुरू व्हायचा. दोन बादल्या पाणी आणि एक फडका. फडका काळा झाला, ओटा लाल दिसू लागला की ती चहाचा कप घेऊन तिथंच बसायची. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं सरकत नसे. मी कुरकुर करायचो की ही बाई म्हणजे गल्लीचं चौकशी कार्यालय झाली आहे. पण ड्युटीवरून येताना वळणावरून ती ओट्यावर दिसली की मला घरी आल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, जयंती होऊन आठेक दिवस झाले होते, ती स्लॅबवर मुगाच्या वड्या वाळत घालायला गेली. जिना बाहेरून आहे. एका बाजूला भिंत आणि दुसरी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूच्या कठड्याचे पाइप मी मापानं कापून घरामागे ठेवले होते. वेल्डिंग तेवढं राहिलं होतं. किती वर्षं राहिलं होतं ते लिहायची लाज वाटते. उतरताना तिच्या हातात रिकामं ताट होतं, पायाखाली काय आलं कुणास ठाऊक. मी आत कूलरचा पंप खोलून बसलो होतो. मला ताटाचा आवाज आला, तिचा नाही. शेजारच्या वहिनी ओरडल्या म्हणून मी बाहेर धावलो. ती खाली फरशीवर बसलेली होती. पडली ती सरळ बसल्यासारखीच पडली होती, आणि पाय आपले नाहीतच अशा नजरेनं त्यांच्याकडे बघत होती.

वणीतून नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा ठेवला आणि माझ्याकडे वळवला.

"काका, पाठीचा कणा खाली या त्रिकोणी हाडावर टेकलेला असतो. हे हाड दोन्हीकडच्या या पसरट हाडांमध्ये पाचरीसारखं बसलेलं आहे. वरच्या सगळ्या धडाचा भार कण्यातून पाचरीत येतो, तिथून दोन्हीकडे वाटला जातो आणि मग पायांत उतरतो. काकूंची ती पाचरच फुटली आहे. आडवी आणि दोन्ही बाजूंनी उभी."

"म्हणजे वरचा सांगाडा आणि खालचा सांगाडा सुटा झाला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. मग पेन घेऊन दाखवलं. कण्याच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांमध्ये दोन्हीकडून स्क्रू. खालच्या पसरट हाडांत डावीकडे एक, उजवीकडे एक, असे लांब आणि जाड स्क्रू. वरचे आणि खालचे स्क्रू सळयांनी एकमेकांना जोडायचे. "पूल खचला की बाजूनं कच्चा वळणरस्ता काढतात ना, तसं. भार सळीतून जाईल. फुटलेल्या हाडाला तेवढी उसंत मिळेल."

मी विचारलं, यातला कोणता स्क्रू आधी सैल होतो.

"तुम्हीच सांगा," ते हसून म्हणाले.

"सगळ्यात खालचा. वरचं धड म्हणजे लांब दांड्याचा पाना. ती वाकली, वळली की सगळा जोर खालच्या टोकाला येणार."

डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतून आपल्या हाताखालच्या दोघांना बोलावलं. "या, काकांचं ऐका." मग मला चेवच चढला. स्क्रूचे आटे कसे असतात, आधी भोक पाडता का, किती बारीक पाडता, सळीवरची टोपी आवळताना जास्त आवळली गेली तर? ते सांगत गेले. हाडाची वरची साल कडक असते आणि आतला भाग स्पंजासारखा. स्क्रू दोन कडक सालींच्या मधून जितका लांब जाईल तितकी पकड चांगली, म्हणून खालचा स्क्रू एवढा लांब. टोपी आवळायला खास दांडा असतो, ठरलेला जोर झाला की तो टक् असा आवाज देतो. आमच्या वर्कशॉपमध्ये तसाच पाना होता. त्या अर्ध्या तासात माझी छाती फुगली होती. बायको वरच्या मजल्यावर फुटलेल्या कमरेनं पडलेली, आणि मी खाली शाबासकी घेत बसलो होतो.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, ही शर्यत असते. पुन्हा पुन्हा ताण पडत राहिला तर कुठलाही स्क्रू कधी ना कधी सैल होतो. तो सैल व्हायच्या आत हाड जुळलं पाहिजे. आणि हाड पडून राहून नीट जुळत नाही. त्याला भार लागतो. ही सगळी जोडणी त्यासाठीच आहे, काकूंना लवकर उभं करता यावं म्हणून."

मी ऐकलं ते एवढंच की कुठलाही स्क्रू कधी ना कधी सैल होतो. पुढचंही कानावर पडलं असेल. पण त्यांच्या बोलण्यातलं अर्धंच मी घरी आणलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पाचव्या दिवशी त्यांनी तिला वॉकर धरून उभं केलं. ती चार पावलं चालली. पांढरीफटक पडली होती, ओठ दाताखाली धरले होते, पण चालली. पलंगावर परत टेकल्यावर तिचं पहिलं बोलणं होतं, "घरी गेल्यावर पयले ओट्यावर नेजा मले."

"नेतो," मी म्हणालो.

घरी आणलं. पहिले काही दिवस ती वॉकरनं पलंगापासून मोरीपर्यंत जायची. मी मागं मागं, दोन्ही हात पसरून. एका सकाळी ती वळली आणि आवाज आला. कट्. वॉकरचा होता की गुडघ्याचा की जमिनीवरच्या फरशीचा, मला आजही सांगता येणार नाही. पण ती क्षणभर थांबली आणि तिनं कमरेवर हात ठेवला. बेअरिंग जायच्या आधी आवाज देतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. वणीत एक्स-रेचा फोटो काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, सगळं जागेवर आहे. मी मनात म्हटलं, अजून जागेवर आहे.

त्या दिवसापासून मी तिचं उठणं बंद केलं.

हे लिहायला सोपं आहे. तेव्हा ते बंद करणं वाटत नव्हतं, जपणं वाटत होतं. मी तिचं सगळं केलं. भांडं देणं, अंग पुसणं, तेल लावून वेणी घालणं. माझ्या वेण्या पाना लावून आवळल्यासारख्या व्हायच्या, ती ओरडायची, "डोकं हाय वो, डंपर नाई." स्वयंपाक शिकलो. ज्वारीची भाकर गोल होईपर्यंत उन्हाळा संपला. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, नवरा असावा तर असा. मी नको नको म्हणत ऐकून घ्यायचो. रोज सकाळी ती पडल्या पडल्या विचारायची, "ओटा पुसला काय?" मी हो म्हणायचो. बऱ्याचदा पुसलेला नसायचा. तिला तिथून दिसत नव्हतं.

फोटो मात्र मी रोज पाहायचो. ऑपरेशननंतरची फिल्म आणि वणीतली फिल्म, दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावायच्या आणि स्क्रू स्क्रूवर जुळतो का ते बघायचं. कोन जरा वेगळा असला की माझा दिवस खराब. ती पलंगावरून हे बघत राहायची. एकदा म्हणाली, "फोटोकडं पाह्यता तेवढं माह्याकडं बी पाह्यत जा." मी हसण्यावारी नेलं.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, फिजिओची. चांगली होती बिचारी. दुसऱ्याच दिवशी मी तिला दारातच विचारलं, "ताई, तुमी कधी बोल्ट आवळला हाय काय? रोज हलवला तं काय होते त्याचं?" ती म्हणाली, "काका, हाड म्हणजे पत्रा नाही." मी म्हणालो, उद्यापासून येऊ नका. मग माझी मुलगी आली, ढाणकीहून. तिच्या नवऱ्याचं तिथं बियाणं-खताचं दुकान आहे, हंगामाचे दिवस, तरी दुकान सोडून आली. तिनं आईच्या पिंडऱ्या दाबून पाहिल्या आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर भडकली.

"बाबा, आईचे पाय काडीवानी झाले. चालू काहून देत नाई तुमी तिले?"

"स्क्रू सरकला तं? पुन्यांदा कमर फाडाची हाय काय तिची?"

"आई काय मशीन हाय बाबा?"

मी भाकर थापत होतो. ती तव्यावर टाकायच्या ऐवजी परातीत आपटली. चार दिवस राहून मुलगी रडत गेली. मला वाटलं, हिला काय कळतं.

तीन महिन्यांनी नागपूरला दाखवायला नेलं. गाडीत आडवी करून नेली, आडवीच परत आणली. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि म्हणाले, "वा, स्क्रू एकदम जागच्या जागी आहेत." मी तिच्याकडे पाहिलं, बघ म्हणून. मग त्यांनी विचारलं, "चालतात ना काकू?"

"हो," मी म्हणालो. "घरातल्या घरात."

डॉक्टरांसमोर तिनं मला खाली पाहायला लावलं नाही. आयुष्यभर चारचौघांत माझी टिंगल करणारी बाई, पण त्या दिवशी गप्प राहिली. वर्धा नदीचा पूल मागं पडल्यावर तिनं विचारलं, "खोटं काहून बोलले?"

"तुह्या भल्यासाठी."

"भलं माहं असन," ती म्हणाली. "पण पाय बी माहेच होते ना."

त्यानंतर पावसाळ्याच्या मधल्या दिवसांत ती बदलली. चेहऱ्यावर जरा रंग आला. भाकर अर्धीची एक झाली. माझी चेष्टा पुन्हा सुरू झाली. मी ज्याला त्याला सांगू लागलो की बघा, आराम कसा लागू पडतो. रोज दहा ते बारा मी बाहेर असायचो. भाजी घ्यायची आणि एका जुन्या सोबत्याच्या गॅरेजात जाऊन हात काळे करून यायचे. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसायच्या. याच दिवसांत कधीतरी मला पेंटची डबी अर्धवट उघडी सापडली, वर साय धरलेली. मी वैतागलो की आपल्याला आताशा झाकणही नीट लावता येत नाही.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र दिनाला, चार-पाच दिवस होते. गॅरेजमध्ये वीज गेली म्हणून मी अकरालाच घरी आलो. चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि समोर ती उभी होती.

वॉकर नव्हता. पलंग आतल्या टोकाला, आणि ती बाहेरच्या दाराजवळ, भिंतीला एक हात टेकून. दुसरी मूठ मिटलेली. मागं दोन हात अंतरावर वहिनी, तिला धरलेलं नाही, नुसते हात पुढं करून. मला बघून ती हसली. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा सायकल चालवून दाखवली होती तेव्हा हसली होती तशी.

आणि मी ओरडलो. "मराचं हाय काय तुले? कोनं सांगतलं उठाले? स्क्रू निसटला तं कोन खोलून देईन पुन्यांदा? मी? मी देऊ काय?" आणखी पुष्कळ बोललो. गल्लीपर्यंत गेलं असेल. तिचं हसू कधी गेलं ते मी पाहिलं नाही, कारण मी तिच्या कमरेकडे बघत होतो. तिला उचलूनच पलंगावर नेलं. किती हलकी झाली होती. वॉकर मी माळ्यावर टाकला.

वहिनी दारात थांबल्या होत्या. "भाऊजी, लय चांगली चालून राह्यली होती ती."

"तुमी आता येत नका जाऊ," मी म्हणालो.

त्यानंतर ती उठली नाही. मी मना केलं म्हणून नाही. मी बाहेर गेल्यावर तिला कोण अडवणार होतं? उठावंसंच वाटेना तिला. दसऱ्याच्या दिवशी मी पांढरी साडी काढून दिली तर म्हणाली, राहू द्या, पडून राहायला काय करायची साडी. पलंगावरच बुद्धवंदना म्हटली, तीही अर्धी. थंडी पडली तशी खोकू लागली. आणि कधीतरी तिनं ओट्याचं विचारणं बंद केलं. कोणत्या दिवसापासून ते मी नोंदवलं नाही. ते माझ्या लक्षातच फार उशिरा आलं.

जानेवारीत छातीत कफ भरला. यवतमाळला नेलं. तिथला डॉक्टर पोरगेला होता, छातीची फिल्म दाखवून सांगत होता की दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग गेला आहे, पडून पडून असं होतं. मी त्याला म्हणालो, कमरेचा पण एक काढा. त्यानं विचारलं कशाला. मी म्हणालो, काढा. माझा आवाज ऐकून त्यानं काढला. स्क्रू जागेवर होते. केसभर हलले नव्हते. त्यांच्या भोवतीचं हाड मात्र झिरझिरीत दिसत होतं, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखं.

"हाडाला काम मिळालं नाही की ते असं विरळ होतं," तो पोरगा म्हणाला. "चालत नव्हत्या का या?"

मी फिल्म पाकिटात घातली.

चौथ्या दिवशी ती गेली. सकाळ होती, मी तिला पाणी पाजत होतो. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, मी ते पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. भरलेला चमचा घेऊन बसून होतो, नर्स येऊन माझ्या हातातून तो काढून घेईपर्यंत.

माणसं आली, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं गेली. मुलगी मला ढाणकीला चला म्हणाली. मी नाही गेलो. तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही, ते मला जड गेलं.

या एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी घराला रंग द्यायला काढला. दरवर्षी तीच मागं लागायची. मी म्हटलं, नाही दिला तर काय बिघडलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पांढऱ्या डिस्टेंपरची पिशवी आणली. आधीची भिंत पिवडी घातलेल्या चुन्याची, पिवळसर. पलंग हलवला, भिंत खरवडली नाही, कंटाळा केला. पहिला हात दिला आणि जेवायला गेलो. परत आलो तर बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर काहीतरी उमटलं होतं.

पिवळ्या रेघा. बोटाएवढ्या, उभ्या, सरळ. पलंगाच्या उशापासून सुरू होऊन दाराकडे जाणाऱ्या. ऑइलपेंटवर डिस्टेंपर धरत नाही, घसरतं, हे मला ठाऊक आहे. पिवळ्या भिंतीवर त्या इतके दिवस दिसल्या नव्हत्या, पांढऱ्यावर दिसल्या. मी हात लावून पाहिला. माझाच पेंट. माझ्याच कमरेच्या उंचीवर, म्हणजे तिच्या कोपराच्या उंचीवर, भिंतीला हात टेकून उभं राहिलं की जिथं सहज पोचतो तिथं. पहिल्या रेघा जवळजवळ, चार बोटांवर. मग वीतभर. मग हातभर. मी मोजल्या. एकतीस.

वहिनींना हाक मारली. ऑक्टोबरनंतर त्या फक्त मौतीच्या दिवसांत घरात आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी भिंत पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"हे तिनं केलं?" मी विचारलं.

"रोज जिथलोक जाये तिथं एक रेघ मारे," त्या म्हणाल्या. "मी म्हणो, काहून वो बाई भिंत खराब करते? तं म्हणे, त्याहीले बोललेलं समजत नाई. रेघ समजते."

मी खाली बसलो. "मले सांगतलं काहून नाई?"

"दसऱ्याच्या दिवशी सांगनार होती. पांढरी साडी नेसून ओट्यावर बसतो म्हणे, अन् हे बाजारातून आले का वळणावरून पाह्यतीन मले." "तुमी लवकर आले त्या दिवशी."

त्या गेल्यावर मी भिंतीजवळ गेलो. तीस रेघा माझ्यापेक्षा सरळ होत्या. वर्कशॉपमध्ये कुणीही पास केल्या असत्या. एकतिसावी दाराच्या चौकटीला लागून आहे. ती वर सरळ सुरू होते आणि मध्येच वाकडी होऊन खाली फरफटत जाते. त्या दिवशी तिच्या मिटलेल्या मुठीत काय होतं ते मला तेव्हा कळलं. ही रेघ ती ओढत होती, आणि मी आत आलो.

माझी चूक झाली, हे मी मुलीला फोन करून सांगितलं. ती रडली, मीही रडलो. नागपूरच्या डॉक्टरांनाही एकदा जाऊन सांगायचं आहे की मी खोटं बोललो होतो. अजून पाय निघत नाही.

भिंतीला दुसरा हात दिलेला नाही. शेवटच्या रेघेपासून उंबरठा लागलाच, आणि उंबरठ्यापलीकडे ओटा. तिथून एकच पाऊल लागतं. मी तिच्यासारखा हात टेकून ते टाकून पाहिलं.